आमच्या वाचनालयाची विषयपेटी: होसे रिझालचं शिक्षण

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात विषयपेटी मिळते. विषय आपण सांगायचा, चिठ्ठीवर मुलाची इयत्ता लिहायची, आणि ग्रंथपालबाई त्या विषयावरचं वाचण्याजोगं जे हाती लागेल ते जमवून एका खोक्यात भरून देतात. खोकं म्हणजे हापूसची जुनी लाकडी पेटी, आतून जाड खाकी कागद लावलेली. अनामत ३०० रुपये, ती परत मिळते. भाडं ६० रुपये, मुदत १५ दिवस. विषय दिल्यापासून पेटी तयार व्हायला तीनेक आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. आजूबाजूच्या गावांतही ही सोय फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही मागितलेला विषय होता होसे रिझाल, फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं त्या काळातला तिथला राष्ट्रपुरुष, त्याचं बालपण आणि शिक्षण. आमचे हे बोटीवर फिटर आहेत. बोटीवरची निम्म्याहून जास्त माणसं फिलिपिनो. मागच्या सुट्टीत येताना ह्यांच्या खिशात एक पेसोची नाणी राहिली होती, आणि नाण्यावरचा माणूस कोण म्हणून नववीतल्या मुलाने विचारलं. ह्यांना केबिनशेजाऱ्याकडून कळलेलं तेवढं त्यांनी सांगितलं: ३० डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन, १८९६ साली त्या दिवशी स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या, आणि त्याचं चरित्र व लेखन शाळा-कॉलेजात शिकवलंच पाहिजे असा तिकडे १९५६ पासून कायदाच आहे. घरातला कर्ता माणूस वर्षातले आठ-नऊ महिने ज्यांच्या पंक्तीला जेवतो, त्यांच्या सगळ्यात मोठ्या माणसाबद्दल घरात कुणालाच काही माहीत नसावं, हे मला पटेना. मुलाने चिठ्ठी लिहिली.

पेटी उघडली तर आत चार पाकिटं, प्रत्येकावर एका गावाचं नाव: कालांबा, बिन्यान, मनिला, माद्रिद. बाईंची ही मांडणी मला सगळ्यात आवडली. इयत्तांप्रमाणे किंवा सालांप्रमाणे न लावता त्यांनी शिक्षण गावांप्रमाणे लावलंय. कोकणातल्या पोराचं शिक्षण असंच होतं की. आधी घर, मग नातेवाइकांकडे राहून जवळच्या मोठ्या गावची शाळा, मग शहर, आणि जमलं तर परदेश. माझ्या मुलाला ते एका दमात कळलं, कारण त्याच्या मामाचं शिक्षणही गाव, चिपळूण, मुंबई याच क्रमाने झालंय.

पहिलं पाकीट कालांबाचं. रिझाल १९ जून १८६१ रोजी लागुना प्रांतातल्या कालांबा या गावी जन्मला. अकरा भावंडांतला सातवा, त्यात मुलगे दोनच, हा आणि दहा वर्षांनी मोठा पासियानो. गाव एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी, पाठीमागे माकिलिंगचा डोंगर. वडील फ्रान्सिस्को मेर्कादो ऊस आणि भात पिकवत. घर चिरेबंदी, खाऊनपिऊन सुखी. पण जमीन स्वतःची नाही. ती डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या मालकीची, त्यांना खंड भरून कसायची. इथे बाईंनी एक काम फार चांगलं केलंय. त्याच पाकिटात खोतीवरची काही पानं घातलीत. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं चालवलेला संप, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्यासाठी मांडलेलं विधेयक. सासूबाईंना फिलिपिन्स कुठे आहे ते सांगावं लागलं, पण जमीन दुसऱ्याची आणि घाम आपला ही गोष्ट काय असते, ते त्यांनीच आम्हाला सांगितलं. पेटी घरात आल्यावर घरातलं म्हातारं माणूस बोलायला लागतं, हा या सेवेचा मोठाच फायदा. मला तो अपेक्षित नव्हता.

रिझालची पहिली शिक्षिका त्याची आई, तेओदोरा आलोन्सो. ती मनिलात सांता रोझा कॉलेजात शिकलेली. त्या काळी तिकडे अशा बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिने तिसऱ्या वर्षी मुलाला अक्षरओळख करून दिली. रिझालने आपल्या लहानपणच्या आठवणी लिहून ठेवल्यात, त्यातला एक प्रसंग बाईंनी स्वतः मराठीत उतरवून ठेवलाय, निळ्या बॉलपेनने, आखीव कागदावर. रात्रीची वेळ. घरातली बाकीची पोरं झोपलेली. आई त्याच्याकडून स्पॅनिश वाचनाचं पुस्तक वाचून घेतेय आणि तो चुकतोय. पुस्तकाच्या पानांवर त्याने चित्रं काढून ठेवलेली, त्याबद्दल ती रागावते. मग पुस्तक स्वतःकडे घेऊन वाचायला लागते. समोर खोबरेल तेलाचा दिवा. मुलाचं लक्ष दिव्याभोवती फिरणाऱ्या पाखरांकडे. आईच्या ते ध्यानात येतं आणि ती पुस्तकातली दोन पतंगांची गोष्ट निवडते. म्हातारा पतंग पोराला बजावतो की ज्योतीजवळ जाऊ नकोस, पोर ऐकत नाही, पंख जळून पडतं. आई हे सांगत असताना इकडे समोरच एक पाखरू खरोखर तेलात पडून मेलं. आणि रिझाल पुढे लिहितो की त्या रात्री त्याला ज्योत आधीपेक्षाही सुंदर वाटली, आणि त्या पाखरांचा हेवा वाटला.

हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा पडवीत कुणी काही बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी दिव्याला उंडीचं कडू तेल असायचं, आणि आगोटीला पहिल्या पावसाबरोबर येणाऱ्या पाखरांनी दिवा विझायचा. मुलाने मात्र थेट विचारलं, "आईने गोष्ट सांगितली ती घाबरवायला, मग तो घाबरला का नाही?" बाईंनी कागदाखाली तात्पर्य लिहिलेलं नाही, म्हणून हा प्रश्न त्याला पडू शकला. तात्पर्य छापलेलं असतं तर तो ते वाचून पुढे गेला असता.

बिन्यानचं पाकीट बारीक आहे, आणि ते तसंच ठीक. आठ-नऊ वर्षांच्या रिझालला पासियानो घोडागाडीतून बिन्यानला आत्याकडे सोडून येतो. शाळा म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी, मास्तर हुस्तिनियानो आकिनो क्रुझ. उंच, बारीक, लॅटिन आणि स्पॅनिशची व्याकरणं तोंडपाठ असलेले, आणि हात कायम छडीवर. छडी खाल्ली नाही असा दिवस विरळाच, असं रिझालने लिहून ठेवलंय. मास्तरांच्या सासऱ्यांकडून तो फावल्या वेळात चित्रकला शिकला. डिसेंबर १८७० मध्ये परतीचा प्रवास त्याने 'तालिम' नावाच्या आगबोटीने केला, सरोवरातून. आमच्याकडच्या जुन्या माणसांना मुंबईची बोट आठवते, त्यांना हे पान वाचून दाखवावं.

मनिलाच्या पाकिटासाठी भाड्याचे सगळे पैसे वसूल.

जून १८७२ मध्ये रिझाल मनिलातल्या आतेनेओ म्युनिसिपाल या, जेझुइट ख्रिस्ती धर्मगुरूंच्या शाळेत दाखल व्हायला गेला. आधी नकार मिळाला. उशिरा आला, आणि वयाच्या मानाने फारच लहानखुरा नि अशक्त दिसतो, अशी दोन कारणं. मग मानुएल हेरेस बुर्गोस या ओळखीच्या माणसाने शब्द टाकला तेव्हा प्रवेश झाला. या कागदाला टाचणीने बाईंनी दुसरं एक पान जोडलंय, आपल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांचं. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मित्रांबरोबर भर पावसात, घाट चढून, पायी साताऱ्याला गेला, आणि वय पुरेसं दिसत नाही म्हणून तिथे त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे तोच महर्षी कर्वे. दोघं जवळजवळ एकाच वयाचे, कर्वे १८५८ चे, रिझाल १८६१ चा. दोघांची अंगकाठी बघून कुणीतरी दार लावलं. माझा मुलगा वर्गात पहिल्या बाकावर बसतो, उंचीमुळे. त्याने ही दोन पानं शाळेत नेऊन बाईंना, म्हणजे त्याच्या वर्गशिक्षिकांना, दाखवली. मी यावर अधिक लिहीत नाही.

प्रवेशाच्या वेळी त्याने मेर्कादो हे आडनाव मागे ठेवून रिझाल लावलं. कारण पासियानो. जानेवारी १८७२ मध्ये काविते इथल्या शिपायांचा उठाव झाला, तो मोडला गेला, आणि १७ फेब्रुवारीला गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन फिलिपिनो धर्मगुरूंना मृत्युदंड दिला. पासियानो हा फादर बुर्गोसांचा विद्यार्थी, त्यांच्याच घरी राहणारा. मेर्कादो हे नाव सरकारच्या डोळ्यावर आलेलं. म्हणजे धाकट्याला शाळेत शिरता यावं म्हणून थोरल्याचं नाव बाजूला ठेवावं लागलं, आणि ते ठेवायला थोरल्यानेच सांगितलं. या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

याच सुमाराला आईला अटक झाली होती. आरोप असा की तिने भावाशी संगनमत करून त्याच्या बायकोवर विषप्रयोग केला. चरित्रकार सांगतात, की फौजदाराच्या घोड्याला या घराने एकदा चारा नाकारला होता, तो राग त्यामागे होता. तिला कालांबाहून सांता क्रुझच्या तुरुंगापर्यंत चालवत नेलं, जवळजवळ ५० किलोमीटर. आमच्या गुहागरहून चिपळूण त्याहून जवळ आहे, आणि तेवढ्या रस्त्याला एसटीतही जीव आंबतो. अडीच वर्षं ती तुरुंगात होती. अकरा वर्षांचा मुलगा तेव्हा परक्या शहरात शिकतोय. पहिलं वर्ष संपल्यावर तो घरी न सांगता एकटाच सांता क्रुझला गेला आणि तुरुंगात आईला आपला निकाल सांगून आला.

आतेनेओच्या वर्गाची तऱ्हा मुलाला भलतीच आवडली. वर्गाचे दोन भाग, वसतिगृहातली मुलं रोमन आणि बाहेरून येणारी कार्थेजची, म्हणजे रोमच्या जुन्या शत्रूची. प्रत्येक सैन्यात सम्राटापासून खालपर्यंत पदं, आणि कुणीही वरच्याला प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर चुकलं की त्याची जागा घ्यायची. रिझाल पहिल्या दिवशी कार्थेजच्या रांगेत शेवटी बसला, कारण स्पॅनिश कच्चं. महिन्याभरात सम्राट झाला. मधल्या सुट्टीत सांता इसाबेल कॉलेजात जाऊन तो स्पॅनिश शिकायचा, फी तीन पेसो. राहायची सोय शहराच्या तटबंदीबाहेर, तितय नावाच्या बाईकडे. तिचं रिझालच्या घराला ३०० पेसोंचं देणं होतं, ते असं फेडून घेतलं. असला तपशील चरित्रांत सहसा एका ओळीत उरकतात. बाईंनी त्याचा वेगळा अर्धा कागद केलाय, 'राहण्याची सोय कशी झाली' या मथळ्याखाली. पोराला बाहेरगावी शिकायला ठेवणाऱ्या कुठल्याही आईबापाला पहिला प्रश्न हाच पडतो, आणि मला वाटतं बाईंना ते बरोबर माहीत आहे.

२३ मार्च १८७७ ला तो आतेनेओतून उत्तम श्रेणीत बाहेर पडला. पुढे शिकवू नका, जास्त शिकला तर स्पॅनिश लोक याचं डोकं उडवतील, असं आई म्हणाली होती, असं सांगतात. तुरुंग पाहिलेली आई दुसरं काय म्हणणार? तरी पासियानोने त्याला मनिलाला पोचवलं. सांतो तोमास विद्यापीठात आधी तत्त्वज्ञान, मग १८७८ पासून वैद्यक. आईची दृष्टी जात चालली होती, हे वैद्यक घेण्यामागचं एक कारण. त्याच काळात आतेनेओत त्याने जमीन मोजणीचा अभ्यासक्रमही पुरा केला. परीक्षा सतराव्या वर्षीच पास, पण वय कमी म्हणून परवाना मिळाला १८८१ मध्ये. सांतो तोमासमध्ये आतेनेओसारखे गुण त्याला मिळाले नाहीत, आणि पेटीत ते झाकलेलं नाही. इंटरनेटवर रिझालला किती भाषा येत होत्या याचे आकडे फेकणारे लेख ढिगाने सापडतात. पेटीत तसला एकही कागद नाही, याबद्दल बाईंचे आभार.

आता तक्रारी. माद्रिदचं पाकीट सगळ्यात कच्चं आहे. त्यात मुख्य मजकूर एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स, अक्षर मुंगीएवढं, आणि मराठी टिपण अर्ध्या पानाचं. नववीतल्या मुलासाठी मागितलेल्या पेटीत हे चालणार नाही. मला ते रात्री बसून त्याला समजावून द्यावं लागलं. दुसरं, नकाशा नाही. चार गावांच्या नावांनी पाकिटं लावायची आणि ती गावं कुठे आहेत हे दाखवायचं नाही, ही मोठी उणीव. मुलाने शाळेच्या नकाशासंग्रहातून मनिला शोधली, पण कालांबा आणि बिन्यान त्यात कुठून असणार? तिसरं, पेटी श्रावणात आली आणि खालचे कागद दमट होते. दोन पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवताना एकाचा कोपरा गेला. प्लॅस्टिकची पिशवी आतून लावायला खर्च तो किती? आणि १५ दिवस कमी पडतात. एकट्याने वाचायला पुरतील, पण ज्या घरात संध्याकाळी दिवेलागणीनंतर मोठ्याने वाचतात त्या घराला महिना हवा. मी हे सगळं वाचनालयाच्या सूचनावहीत लिहून आले आहे. बाईंनी नकाशाचं लगेच मान्य केलं. मुदतीचं समितीला विचारून सांगते म्हणाल्या.

तरी त्या इंग्रजी लेखात जे होतं ते सांगायलाच हवं. ३ मे १८८२ ला रिझाल मनिलाहून निघाला, आईवडिलांना न सांगता. सांगितलं होतं पासियानोला, आणि पैशाची सोयही त्यानेच केली होती. सिंगापूर, कोलंबो, एडन, सुएझ या वाटेने तो जूनमध्ये बार्सेलोनाला पोचला. ही वाट ह्यांच्या बोटीची नेहमीची. मी व्हॉट्सॲपवर ती नावं पाठवली तर ह्यांनी लगेच एडनच्या बाजूचं समुद्राचं वर्णन लिहून पाठवलं. माद्रिदच्या विद्यापीठात १८८४ मध्ये तो वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाला, १८८५ मध्ये तत्त्वज्ञान आणि साहित्याची. मग पॅरिसला डॉ. द वेकर आणि हायडेलबर्गला डॉ. बेकर यांच्याकडे डोळ्यांचं शास्त्र शिकला, आणि पुढे आईच्या डोळ्यांवर त्यानेच शस्त्रक्रिया केली.

या सगळ्याचा खर्च कालांबाच्या उसातून. पासियानो शेती बघायचा आणि पैसे पाठवायचा. पीक बुडालं, साखरेचा भाव पडला, की माद्रिदला पैसे उशिरा पोचायचे. २५ जून १८८४ ला रिझालने ग्रीक भाषेच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं, आणि त्या दिवशी त्याच्या पोटात अन्न नव्हतं, हे त्याने स्वतः रोजनिशीत लिहून ठेवलंय. रात्री दोन फिलिपिनो चित्रकारांच्या सत्काराच्या जेवणात त्याने भाषण केलं.

कोकण पिढ्यान् पिढ्या मनीऑर्डरीवर जगलं. गिरणीतून, बोटीवरून, आखातातून पैसे आले तेव्हा इथली मुलं शिकली. शिकलेल्याचं नाव झालं, पाठवणाऱ्याचं कुठे झालं? आमच्या घरातलीच गोष्ट सांगते. सासरे बारा महिने मुंबईला गिरणीत, चाळीत दहाजणांबरोबर राहून धाकट्या भावाला त्यांनी मास्तर केलं. गावात आजही ओळख 'मास्तरांचं घर' अशी आहे. म्हणून मला ही पेटी इतकी मोलाची वाटते. रिझाल हुशार होता हे कुणीही सांगेल. तो शिकावा म्हणून आईने काय केलं, भावाने काय सोडलं, घर कुणाकडे राहिलं, पैसे कुठल्या पिकातून आले, हे या चार पाकिटांत कागदाला कागद लावून मांडलंय. मुलाने ते वाचल्यावर बाबांना फोन केला आणि या वेळी क्रिकेटचा स्कोअर न सांगता, बोटीवर काम किती तास असतं, ते विचारलं.

कुणासाठी घ्यावी? आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, आणि ज्या घरात कुणी बोटीवर आहे त्यांनी तर नक्कीच. फक्त माहितीचा प्रकल्प उरकायचा असेल तर घेऊ नये, त्याला मोबाइल पुरतो. रिझालचीच पेटी हवी असेल तर ती आता तयार आहे, थांबावं लागणार नाही. माद्रिदचं मराठी टिपण मी लिहून दिलंय, ते चौथ्या पाकिटात मिळेल. वाचनालय संध्याकाळी चार ते सात उघडं असतं. अनामत रोख न्यावी, तिथे रेंज नसते.

पुढची चिठ्ठी मुलाने टाकली आहे, विषय पासियानो. १८९६ साली छळ होऊनही भावाविरुद्धच्या जबानीवर त्याने सही केली नाही, पुढे क्रांतीच्या सैन्यात जनरल झाला, आणि १९३० पर्यंत जगला, इतकं आम्हाला मिळालंय. बाई म्हणाल्या, त्याच्यावर जमवायला वेळ लागेल, दिवाळीनंतर या.